कानातला दडा सुटेचना: आवाजानं गेलेलं ऐकू येणं आणि दाबाखालचा प्राणवायू

दिवाळीत खळ्यात सुतळी बॉम्ब फुटतो. माकडं हाकलायला कुणी पडवीतूनच ठासणीच्या बंदुकीचा बार काढतो. वरातीत एखादा मुलगा डीजेच्या खोक्यांपुढे तासभर नाचतो. दुसऱ्या दिवशी सकाळी कानात दडा बसलेला असतो आणि आत बारीक शिट्टी वाजत राहते. घरचे म्हणतात, "सुटेल दोन दिवसांत." पुष्कळदा सुटतोही. जो सुटत नाही, त्याच्या बाबतीत हे दोन दिवसच सर्वांत मोलाचे होते, हे महिनाभरानं डॉक्टरकडे गेल्यावर कळतं.

जून २०२४ मध्ये गायिका अलका याज्ञिक यांनी आपलं ऐकणं अचानक गेल्याचं जाहीर केलं आणि 'अचानक बहिरेपणा' हा शब्द घरोघरी पोचला. त्यांच्या बाबतीत कारण विषाणूचं सांगितलं गेलं होतं, आवाजाचं नव्हे. तरी तेव्हापासून कान गेला की 'ऑक्सिजन चेंबर'चं नाव निघतंच. या चेंबरमध्ये रुग्णाला बंद टाकीत बसवून वाढवलेल्या दाबाखाली शुद्ध प्राणवायू श्वासातून देतात. या उपचाराला हायपरबेरिक ऑक्सिजन थेरपी म्हणतात. लेखात पुढे आपण त्याला दाबाचा प्राणवायू म्हणू.

आवाजानं गेलेला कान त्यानं परत येतो का? काहींचा, काही प्रमाणात येतो. त्यासाठी उपचार पहिल्या काही दिवसांत सुरू व्हावा लागतो आणि स्टेरॉइडच्या जोडीनं घ्यावा लागतो. असं का, ते समजायला आधी कानाच्या आत डोकवावं लागेल.

कानाच्या आतलं भातशेत

आतल्या कानात वाटाण्याएवढा, शंखासारखा पीळ घेतलेला अवयव असतो. डॉक्टर त्याला कॉक्लिया म्हणतात, आपण कर्णशंख म्हणू. त्याला सुमारे पावणेतीन वेढे असतात आणि तो उलगडला तर लांबी साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास भरते. आत द्रव असतो आणि लांबीभर सुमारे १५,००० रोमपेशी ओळीनं उभ्या असतात: आतल्या बाजूला एक रांग, बाहेरच्या बाजूला तीन. प्रत्येक पेशीच्या माथ्यावर अतिसूक्ष्म तुऱ्यांचा झुपका असतो. आवाजानं द्रव हलतो, तुरे वाकतात आणि पेशी नसेला इशारा देते. ऐकू येणं म्हणतात ते इथे सुरू होतं.

लावणी झाल्यावर वहाळाचं पाणी शेतात घुसलं तर काय होतं, ते कोकणात सांगायला नको. काही रोपं नुसती आडवी पडतात आणि पाणी उतरलं की दोन दिवसांत उभी राहतात. काही मुळासकट उपटून वाहून जातात. उरलेली उभी दिसतात, पण त्यांची मुळं सैल झालेली असतात. त्या चार दिवसांत निगा झाली तर ती धरतात, नाही तर पिवळी पडून जातात.

मोठ्या आवाजाच्या तडाख्यानंतर रोमपेशींचे असेच तीन गट पडतात. आडव्या पडलेल्या पेशी स्वतःच सावरतात. बहुतेकांचा दडा दोन दिवसांत सुटतो तो यामुळे, आणि तो कुठल्याही औषधाशिवाय सुटतो. तुटून गेलेल्या पेशी कायमच्या जातात. कोंबडीच्या कानात नव्या रोमपेशी उगवतात, माणसाच्या कानात उगवत नाहीत. गेलेली पेशी स्टेरॉइड परत आणत नाही आणि प्राणवायूही आणत नाही. उपचाराची सगळी खटपट मुळं सैल झालेल्या तिसऱ्या गटासाठी असते.

आवाजाचा मार बहुधा कर्णशंखाच्या सुरुवातीच्या वेढ्यावर बसतो. तिथे उंच पट्टीचे, म्हणजे ३००० ते ६००० हर्ट्झचे आवाज टिपले जातात. त्यामुळे माणसाला बोलणं ऐकू येतं, पण 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजनं निसटतात. "ऐकू येतंय, पण कळत नाही" अशी तक्रार त्यातूनच येते.

किती आवाज म्हणजे जास्त?

डेसिबलचा हिशेब पटीनं चालतो. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट होते आणि १० वाढले की दहापट. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसता येतो असं धरतात. ८८ ला ती मुदत चार तासांवर येते, १०० ला पंधरा मिनिटांवर आणि १०६ ला चार मिनिटांच्याही आत. वरातीतल्या खोक्यांपुढे १०० सहज ओलांडले जातात. तिथे तासभर नाचणाऱ्याच्या कानानं दिवसभराच्या कोट्याच्या कितीतरी पट माल उचललेला असतो.

स्फोटाचा आवाज याहून वेगळा. तो सेकंदाच्या हजाराव्या भागात येऊन जातो आणि कानाला सावरायला उसंतच देत नाही. आपल्याकडच्या नियमांत एकट्या फटाक्याला फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर १४५ डेसिबलच्या शिखराची मर्यादा आहे. अशा क्षणिक आवाजासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांना १४० आणि मुलांना १२० ही सीमा सांगितली आहे. म्हणजे नियमात बसणारा फटाकाही ४ मीटरवरून मुलाच्या कानाला जड आहे. त्यात अंतर निम्मं झालं की साधारण ६ डेसिबल वाढतात. तोच फटाका २ मीटरवर १५१, १ मीटरवर १५७ आणि हातातून सुटायला उशीर होऊन अर्ध्या मीटरवर फुटला तर १६३. चिऱ्याच्या भिंतींमधली अरुंद पाखाडी असेल तर भिंतींवरून परतलेला आवाज त्यात मिळतो. हे मोबाइलच्या ॲपवर मोजायला जाऊ नये, कारण फोनचा माईक इतक्या वर पोचण्याआधीच थिटा पडतो आणि आकडा खोटा दाखवतो.

शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक चालवणाऱ्यांच्या ऐकण्याच्या आलेखात एक खूण वारंवार दिसते. उजव्या खांद्याला दस्ता लावणाऱ्याचा डावा कान जास्त बिघडतो. मान वळवून नेम धरताना डावा कान नळीच्या तोंडाकडे असतो, उजवा डोक्याच्या आडोशाला राहतो.

पण यात प्राणवायूचा काय संबंध?

कर्णशंखाला रक्त पुरवणारी रोहिणी एकच आणि बारीक आहे, दुसरी पर्यायी वाट नाही. वहाळापलीकडच्या वाडीला एकच साकव असावा, तशी ही स्थिती. शिवाय रोमपेशींच्या अंगाला थेट रक्तवाहिन्या भिडलेल्या नसतात. बाजूच्या केशवाहिन्यांतून प्राणवायू द्रवात उतरतो आणि द्रवातून झिरपत पेशींपर्यंत येतो. विहिरीला झऱ्याचं पाणी यावं, तसा. झिरप मंदावली की सर्वांत आधी तहानतात त्या या पेशी.

मोठ्या आवाजात पेशींचं काम वाढतं, इंधनाची गरज वाढते आणि नेमक्या त्याच वेळी केशवाहिन्या आकसतात. तडाख्यानंतर या द्रवातला प्राणवायू घटतो, हे प्राण्यांवरच्या प्रयोगांत मोजलेलं आहे. उपाशी पेशींमध्ये मुक्त मूलकं, म्हणजे पेशी आतून खाणारे रासायनिक तुकडे, साचत जातात. हा प्रकार बार वाजला त्या क्षणी संपत नाही. आवाज थांबल्यावरही आठवडा-दीड आठवडा पेशी मरत राहतात. उपचाराला मुदत मिळते ती याच काळाची, आणि ती संपते तीही याच काळाबरोबर.

दाबानं नेमकं काय बदलतं?

साध्या हवेत श्वास घेणाऱ्या निरोगी माणसाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन ९७-९८ टक्के भरलेलंच असतं. १०० मिलिलिटर रक्तात ते सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू वाहतं आणि त्यात भर घालायला जागा जवळजवळ नसते. याखेरीज थोडा प्राणवायू रक्ताच्या पाण्यात नुसता विरघळलेला असतो. तो मात्र तुटपुंजा, १०० मिलिलिटरमागे ०.३ मिलिलिटर. दाबाचा प्राणवायू वाढवतो तो हा विरघळलेला वाटा.

गोटी सोड्याची बाटली आठवा. दाबाखाली वायू पाण्यात विरघळून राहतो, जितका दाब तितका जास्त. समुद्रसपाटीला हवेचा दाब १ वातावरण असतो. समुद्रात दर १० मीटर खोलीला आणखी एक वातावरण चढतं, स्कूबा शिकणाऱ्यांना हा हिशेब पाठ असतो. कानासाठी चेंबरचा दाब सहसा २ ते २.५ वातावरण ठेवतात. २.४ धरला तर तो १४ मीटर खोल पाण्यातला दाब झाला. त्या दाबाला शुद्ध प्राणवायू घेतला की विरघळलेला वाटा ०.३ वरून ५ मिलिलिटरच्या आसपास जातो. विश्रांतीत शरीराच्या पेशी १०० मिलिलिटर रक्तातून साधारण इतकाच प्राणवायू काढून घेतात. १९६० च्या सुमारास ॲमस्टरडॅममध्ये ईटे बूरेमा या शल्यचिकित्सकानं डुकरांच्या रक्तातल्या जवळजवळ सगळ्या लाल पेशी काढून टाकल्या आणि त्यांना दाबाच्या प्राणवायूवर काही काळ जिवंत ठेवून दाखवलं.

कानासाठी याचा अर्थ असा, की लाल पेशींना अवघड जाणाऱ्या आकसलेल्या वाहिनीतूनही प्राणवायूनं भरलेलं रक्ताचं पाणी पुढे सरकतं आणि तिथून द्रवात जास्त जोरानं झिरपतं. साकव गेला तरी विहिरीचा झरा वाढला, असं म्हणता येईल.

सोड्यासारखं रक्त बाहेर येताना फसफसणार नाही का, असा प्रश्न मनात येईल. पाणबुड्यांना बुडबुड्यांचा त्रास होतो तो हवेतल्या नायट्रोजनमुळे, कारण शरीर तो वापरत नाही. प्राणवायू पेशी वापरून टाकतात. शिवाय दाब सावकाश उतरवतात.

मग घरीच सिलिंडर लावला तर?

घरच्या साध्या दाबाला मास्कनं शुद्ध प्राणवायू घेतला तर विरघळलेला वाटा २ मिलिलिटरपर्यंत जातो. शून्यापेक्षा बरा, पण चेंबरच्या निम्म्याहूनही कमी. घरच्या कॉन्सन्ट्रेटरवर आणि नाकातल्या नळीवर तर तेवढाही मिळत नाही.

चेन लावून फुगवायच्या मऊ पिशवीसारख्या चेंबरची जाहिरात जपून वाचावी. त्यांचा दाब १.३ वातावरणाच्या आसपास असतो आणि पुष्कळदा आत साधी हवाच भरतात. हवेत २१ टक्के प्राणवायू, त्याला १.३ नं गुणलं की २७. म्हणजे बाहेर बसून २७ टक्के प्राणवायू श्वासात घेतल्याइतकंच ते झालं. अभ्यासांत ज्या उपचाराची चर्चा आहे, तो हा नव्हे. नाव एकच असल्यामुळे लोक फसतात.

चेंबरच्या आधीचे ४८ तास

पहिली गोष्ट, कानात काही घालायचं नाही. गरम खोबरेल नको, लसणाचं तेल नको, पाणीही नको. स्फोटानं पडदा फाटला असेल तर तेल थेट मधल्या कानात जातं आणि तिथे जंतू धरतात. नदीत, तळीत, समुद्रात बुडी नको. गोंगाटापासून दूर राहायचं आणि हेडफोन बाजूला ठेवायचे.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. ओठ मिटून "हूंऽऽ" असा सूर धरा. तो दुखावलेल्या कानात जास्त घुमला, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असण्याची शक्यता जास्त, जसं मळ किंवा फाटलेला पडदा. चांगल्या कानात जास्त घुमला, तर आतल्या कानाला मार असण्याची शंका घ्यावी आणि त्याच दिवशी निघावं. डॉक्टर हेच ५१२ हर्ट्झचा कंप पावणारा धातूचा चिमटा (ट्यूनिंग फोर्क) कपाळावर ठेवून पाहतात. घरच्या चाचणीवर विसंबून थांबायचं नाही, ती निघायची घाई किती हे ठरवण्यापुरती आहे.

कान-नाक-घसा तज्ज्ञ आधी कानात बघून मळ आणि पडदा तपासतील. मग ऑडिओमेट्री, म्हणजे बंद खोलीत वेगवेगळ्या पट्टीचे सूर ऐकवून काढलेला आलेख. नेहमीच्या तपासणीत २५०, ५००, १०००, २०००, ४००० आणि ८००० हर्ट्झ घेतात. आवाजाच्या माराची शंका असेल तर "३००० आणि ६००० पण घ्या" असं आवर्जून सांगावं. नाही तर आलेखातला खळगा, म्हणजे ऐकणं घटल्याची जागा, नेमका दोन बिंदूंच्या मधे राहून जातो.

इथेच कागदोपत्री एक अडचण उभी राहते. अचानक बहिरेपणाची प्रचलित व्याख्या अशी आहे: ७२ तासांच्या आत, लागून असलेल्या किमान तीन पट्ट्यांवर ३० डेसिबल किंवा अधिक घट. फटाक्यानं मार खाल्लेल्या कानात कित्येकदा ४००० भोवतीच खोल खळगा असतो, बाकीचा आलेख नीट. व्याख्येत बसत नाही म्हणून "काही झालेलं नाही" असं ऐकून माणूस घरी येतो. व्याख्या अभ्यासाच्या सोयीसाठी बांधलेली आहे, पेशींना ती ठाऊक नसते.

औषधांत पहिलं नाव स्टेरॉइडचं. अचानक बहिरेपणात प्रेडनिसोलोन वजनाच्या दर किलोमागे रोज १ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ६० मिलिग्रॅम, एक ते दोन आठवडे देतात आणि मग उतरवत नेतात. आवाजाच्या मारातही डॉक्टर बहुधा याच धर्तीवर जातात. हा आकडा डॉक्टरांशी बोलता यावं म्हणून दिला आहे, औषधाच्या दुकानातून गोळ्या आणण्यासाठी नाही. मधुमेहींची साखर स्टेरॉइडनं झपाट्यानं चढते. त्यांच्यासाठी पडद्यातून सुईनं मधल्या कानात औषध सोडण्याचा मार्ग आहे.

दड्याबरोबर भोवळ, चेहरा वाकडा होणं, हातापायात कमजोरी किंवा जीभ जड होणं, यांपैकी काही असेल तर कानाचा विचार बाजूला ठेवून थेट मोठ्या रुग्णालयात जावं. तो पक्षाघात असू शकतो.

चेंबरमध्ये बसल्यावर

चेंबर दोन प्रकारचे. एका माणसाची पारदर्शक नळकांड्यासारखी टाकी, जी बहुधा सगळीच प्राणवायूनं भरतात. दुसरी अनेकांची खोली: तिथे दाब हवेचा आणि प्राणवायू मास्कमधून किंवा डोक्यावरच्या टोपातून. दुसऱ्या प्रकारात सोबत परिचारक बसू शकतो. बंद जागेची धास्ती असणाऱ्यांना तो बरा पडतो.

अंगावर फक्त सुती कपडे. केसांना तेल नाही, ओठांना व्हॅसलीन नाही, अत्तर नाही, पावडर नाही. मोबाइल, घड्याळ, पॉवर बँक, लायटर, श्रवणयंत्र सगळं बाहेर. दाबाखालच्या प्राणवायूत एक ठिणगी पडली तरी आग भडकते. केंद्रात या झडतीत कुणी ढिलाई करताना दिसलं तर तिथे बसू नये, इतकी ही बाब गंभीर आहे.

दाब चढवायला १० ते १५ मिनिटं लागतात. त्या वेळी आत उकडतं आणि उतरवताना गारवा येतो. कष्टाचा भाग कानाचा आहे. आंबोली घाट चढताना कान आपोआप सुटतात, उतरताना मात्र गिळावं लागतं, कारण उतरताना बाहेरचा दाब वाढतो. चेंबरमध्येही तसंच. फरक इतकाच की आंबोलीहून सावंतवाडीला येताना दाब ७ टक्क्यांच्या आसपास वाढतो, इथे १४० टक्के वाढतो. म्हणून दर थोड्या वेळानं, दुखायच्या आधीच, आवंढा गिळायचा, जांभई द्यायची किंवा नाक धरून अगदी हलकेच फुंकायचं. जोर लावायचा नाही. दुखलं तर लगेच हात वर करायचा. चालक दाब थांबवतो, थोडा उतरवतो आणि पुन्हा सावकाश चढवतो. हात वर करायला संकोच करणाऱ्यांच्याच पडद्याला इजा होते.

पूर्ण दाबाला ६० ते ९० मिनिटं प्राणवायू, मधेमधे ५ मिनिटांची साध्या हवेची सुट्टी. ही सुट्टी चुकवायची नसते. सलग जास्त प्राणवायूनं मेंदू उत्तेजित होऊन झटका येण्याचा धोका असतो, तो तिनं कमी होतो. असा झटका क्वचितच येतो आणि मास्क काढला की थांबतो. मुक्त मूलकांनी बिघडलेल्या कानात आणखी प्राणवायू कशाला, अशी शंका जाणकार वाचक घेईल. ती रास्त आहे. औषधासारखी मोजून मात्रा देतात आणि दिवसभर चेंबरमध्ये ठेवत नाहीत, त्यामागे हेही कारण आहे.

चढ-उतार धरून एका सत्राला सुमारे दोन तास जातात. रोज एक सत्र, एकूण १० ते २०. पाच आणि दहा सत्रांनंतर आलेख पुन्हा काढावा. दहानंतरही रेघ जागची हलली नसेल तर पुढचे पैसे खर्च करायचे का, हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं.

कोणी बसू नये

फुप्फुसाबाहेर हवा साठून फुप्फुस मिटलं असेल आणि त्यावर उपचार झाले नसतील, तर चेंबर वर्ज्य आहे. दाब उतरताना ती हवा फुगून जीव जाऊ शकतो. जुनाट दमा, फुप्फुसातले हवेचे फुगे, आटोक्यात नसलेली फेफरं, ताप, कर्करोगासाठी घेतलेलं ब्लिओमायसिन, नुकतीच झालेली कानाची शस्त्रक्रिया आणि गरोदरपण हे सगळं आधी सांगावं. सर्दी असेल तर त्या दिवशी थांबावं. पेसमेकर असेल तर तो इतका दाब सोसतो का, हे बनवणाऱ्याकडून खात्री करून घ्यावी.

स्फोटात पडदा फाटलेल्यांना चेंबरची भीती वाटते. खरं तर भोक असलेल्या कानात हवा आपसूक ये-जा करते आणि दाब जुळवण्याचे कष्टच उरत नाहीत. मात्र स्फोटानंतर तोल जात असेल, तर आतल्या कानातला द्रव मधल्या कानात गळत असण्याची शक्यता असते. त्याचा निकाल लागेपर्यंत नाक धरून फुंकणंही नको आणि चेंबरही नको.

मधुमेह्यांची साखर चेंबरमध्ये उतरते, म्हणून उपाशीपोटी आत जायचं नाही आणि आधी-नंतर मोजायची. वीसेक सत्रांनंतर काहींना लांबचं थोडं पुसट दिसू लागतं. ते पुढच्या आठवड्यांत पूर्ववत होतं, त्यासाठी लगेच नवा चष्मा करू नये.

पुरावा किती पक्का?

अमेरिकेतल्या अंडरसी अँड हायपरबेरिक मेडिकल सोसायटीनं २०११ मध्ये हा उपचार ज्या आजारांवर मान्य आहे, त्यांच्या आपल्या यादीत अचानक बहिरेपणाचा समावेश केला. फ्रान्समधल्या लील इथे २०१६ साली झालेल्या युरोपीय परिषदेनंही अचानक बहिरेपणासाठी या उपचाराची शिफारस केली. अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत तो पर्याय म्हणून आहे: स्टेरॉइडसोबत पहिल्या दोन आठवड्यांत, किंवा स्टेरॉइड फसल्यावर एका महिन्याच्या आत. पण हे सगळं कारण न सापडणाऱ्या बहिरेपणाबद्दल आहे. आवाजाच्या मारासाठी थेट पुरावा आहे तो मुख्यतः जर्मनी, स्वित्झर्लंड, फिनलंड, बेल्जियम अशा देशांतल्या सैनिकांवरच्या अभ्यासांचा. नेमबाजीच्या सरावात कान गेलेले तरुण तिथे लगेच हाती लागतात. या अभ्यासांचा कल फायद्याकडे आहे, पण ते लहान आहेत.

त्यात एक मूळचीच अडचण आहे. पहिल्या दिवसांत पुष्कळ कान आपोआप सुधारतात. लवकर चेंबरमध्ये बसवलेल्यांपैकी किती जण चेंबरमुळे बरे झाले आणि किती जण तसेही झाले असते, हे वेगळं काढणं कठीण जातं. म्हणून "९० टक्के खात्री" असं सांगणाऱ्यापासून दूर राहावं. उलट बाजूला, वर्षभर जुनी कानातली शिट्टी किंवा डीजेवर दहा वर्षं काम करून हळूहळू गेलेला कान यांना या उपचाराचा फायदा दिसलेला नाही. अशा माणसाला वीस सत्रं विकणं अन्यायाचं आहे.

आमच्या मते व्यवहारी रेघ अशी ओढता येईल. स्टेरॉइड पहिल्या-दुसऱ्या दिवशी सुरू करा. तिसऱ्या ते पाचव्या दिवशी पुन्हा आलेख काढा. सुधारणा दिसत असेल तर थांबता येईल. घट मोठी असेल आणि रेघ हलत नसेल तर चेंबरकडे निघा, दहावा दिवस उजाडायची वाट पाहू नका.

कोकणातून निघताना

गावाजवळ चेंबर नाही म्हणून उपचारच लांबवणं, ही इथली खरी चूक. स्टेरॉइड आणि ऑडिओमेट्री यांसाठी मुंबई लागत नाही. रत्नागिरीत किंवा ओरोसला ती करून, पहिली गोळी घेऊन मगच गाडीत बसावं. आलेखाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा.

निघण्याआधी केंद्राला फोन करून विचारायचं: दाब किती वातावरण ठेवता, शुद्ध प्राणवायू देता का, सत्र चालू असताना डॉक्टर हजर असतो का, कानाच्या रुग्णांना किती सत्रं देता, एकूण खर्च किती. पहिल्या प्रश्नाचं उत्तर "१.३" आलं तर फोन ठेवून द्यावा. विमा असेल तर मंजुरी आधी मागावी आणि कारणाच्या रकान्यात तारीख, वेळ, आवाजाचा उगम आणि अंतर डॉक्टरांकडून लिहून घ्यावं.

दहा सत्रं म्हणजे जवळजवळ दोन आठवडे मुंबई-पुण्यात मुक्काम. नातेवाइकाकडे उतरलात तर रोजच्या लोकल प्रवासात दुसऱ्या कानालाही जपा. या काळात विडी-सिगारेट पूर्ण बंद, ती वाहिन्या आकसवते आणि चेंबरनं कमावलेलं घालवते.

कान सुटला, तरीही

२००९ मध्ये बॉस्टनच्या शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी उंदरांना दोन तास मोठा आवाज ऐकवला. काही दिवसांत त्यांचं ऐकणं चाचणीत पूर्ववत दिसलं. पण उंच पट्टीच्या भागात रोमपेशी आणि नस यांच्यातले सुमारे निम्मे सांधे कायमचे गेलेले होते. शांत खोलीत अशा कानाला सूर ऐकू येतो, बाजारात माणसाचं बोलणं मात्र उमगत नाही. म्हणून आलेख सुधारला तरी उपचार संपताना एकदा आणि सहा महिन्यांच्या आत पुन्हा एकदा तपासणी करावी. गोंगाटात शब्द कळतात का, याची वेगळी चाचणी मागावी. वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत ऐकण्याच्या तपासण्या होतात. जे परत येत नाही, त्यासाठी श्रवणयंत्र लवकर लावलेलं बरं. शिट्टी रात्री जास्त छळते, तेव्हा खोलीत पंख्याचा किंवा रेडिओचा मंद आवाज चालू ठेवला तर ती मागे पडते.

आणि पुढच्या बाराआधी फोमचे बोळे आणून ठेवावेत. बोळा बोटांत दाबून बारीक वळायचा. दुसऱ्या हातानं डोक्यामागून कान वर आणि मागे ओढायचा, म्हणजे वाट सरळ होते. मग बोळा आत सरकवून तो फुगेपर्यंत २०-३० सेकंद बोटानं धरून ठेवायचा. नीट बसला की स्वतःचा आवाज घुमल्यासारखा ऐकू येतो आणि समोरून पाहणाऱ्याला बोळा जेमतेम दिसतो. अर्धा बाहेर डोकावत असेल तर काढून पुन्हा घालायचा. कापसाच्या बोळ्यानं जेमतेम काही डेसिबल अडतात. बंदुकीसाठी फोमचा बोळा आणि त्यावर कानाचं आवरण, दोन्ही हवेत.